दोघांच्या लेन्स, एक बॅग: काय ठेवायचं, काय काढायचं

फोटो काढणारी दोन माणसं एकत्र राहायला लागली की कपाटात पन्नास मिमीच्या दोन लेन्स, कॅमेऱ्यासोबत आलेल्या दोन-तीन किट झूम, फारशी न वापरलेली मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) आणि कुणी कधी घेतली हे कुणालाच आठवत नाही अशी एखादी टेली (लांबचं जवळ आणणारी) जमा होते. मग ठरतं की यातल्या काही विकून टाकू. आणि गाडी तिथंच अडते, कारण एकेक लेन्स हातात घेतली की ती चांगलीच वाटते. 'ही चांगली आहे का' असं विचारत बसलात तर एकही लेन्स घराबाहेर जाणार नाही.

दोघांनी मिळून विचारायचं ते हे, की ही लेन्स आपल्याला एकाच वेळी लागते का? एकट्या माणसाकडे एकसारख्या दोन लेन्स असतील तर त्यातली एक नुसती पडून राहते. दोघांच्या बॅगेत त्याच दोन लेन्स रोज कामाला येऊ शकतात. आणि दोघांत मिळून घेतलेली एकुलती एक भारी लेन्स, जी दोघांनाही नेमकी एकाच क्षणी हवी असते, ती दर वेळी एकाला नाराज करते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती आहेत. क्रम मात्र बदलू नका. माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची जोडणी) ठरवायच्या आधी लेन्स निवडायला बसलात तर सगळं काम पुन्हा करावं लागेल.

१. सगळं टेबलावर काढा आणि लिहा

कपाट, जुन्या बॅगा, ड्रॉवर, सगळं रिकामं करा. प्रत्येक लेन्ससाठी एक ओळ लिहायची. नाव, माउंट, फुल फ्रेमची की क्रॉप सेन्सरची (चित्र टिपणाऱ्या मोठ्या सेन्सरसाठीची की लहान), सगळ्यात मोठं ॲपर्चर (उजेड आत येणारं छिद्र; 'एफ/' नंतरचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं), लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे का, फोकसची मोटर लेन्समध्ये आहे का, किती जवळून फोकस होतं, फिल्टरचा व्यास आणि वजन. सिरियल नंबरही आत्ताच टिपा; विम्याला, विकताना आणि चोरी झाली तर तोच लागतो. कुणाची लेन्स आहे हा रकाना या टप्प्यावर ठेवू नका. तो ठेवला की पहिल्या दहा मिनिटांत चर्चा मालकीकडे वळते आणि कामाचं बाजूला राहतं.

मग प्रकृती तपासा. मागचं-पुढचं झाकण काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि एका बाजूनं टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. वेळीच साफ केली तर निघते, पण बराच काळ राहिली तर काचेवरचं कोटिंग खाते आणि ते नुकसान भरून निघत नाही. एका लेन्सवर बुरशी सापडली तर ती ज्या जागी ठेवली होती तिथं दमटपणा आहे असं समजा आणि शेजारच्या सगळ्या नीट बघा. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा चकाकणारा थर असेल तर पाती चिकटून सावकाश हलतात आणि फोटो जास्त उजळ येतात. जुन्या लेन्समध्ये हे बऱ्याचदा आढळतं.

शेवटी कडेची तपासणी. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, समोर पुस्तकांचं कपाट किंवा विटांची भिंत घ्या, कॅमेरा भिंतीला शक्य तितका समांतर ठेवा आणि ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो काढा. चारही कोपरे मोठे करून बघा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा किंवा एकच बाजू पुसट असेल तर आतली काच सरकली असण्याची शक्यता आहे. कॅमेरा थोडा तिरका राहिला तरी असंच दिसतं, म्हणून जागा बदलून पुन्हा एकदा बघा आणि मगच शिक्का मारा. एकसारख्या दोन लेन्समधून एक निवडायची वेळ येईल तेव्हा हे फोटो उपयोगी पडतील, तेव्हा जपून ठेवा.

२. आधी माउंट ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. दोघांच्या बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) एकाच माउंटच्या असतील तर हा भाग तुमच्यासाठी जवळपास संपलाच. तसं नसेल तर आधी अडॅप्टरचं (एका माउंटची लेन्स दुसऱ्या माउंटवर बसवणाऱ्या जोडाचं) गणित समजून घ्यावं लागेल.

प्रत्येक माउंटमध्ये लेन्सची बैठक आणि सेन्सर यांच्यात एक ठरलेलं अंतर असतं. निकॉनच्या १९५९ पासून चालत आलेल्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी आहे, कॅननच्या १९८७ च्या ईएफमध्ये ४४ मिमी. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्यानं हे अंतर खूप कमी झालं. सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी, कॅननच्या आरएफमध्ये २०, निकॉनच्या झेडमध्ये १६. ज्या लेन्सला जास्त अंतर लागतं ती कमी अंतराच्या बॉडीवर लावता येते, कारण मधली जागा एका पोकळ नळीनं भरता येते. उलटं करता येत नाही. नळी लावून अंतर वाढवता येतं, पण बॉडीच्या आत घुसून कमी करता येत नाही.

दोघांपैकी एकाकडे डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणि दुसऱ्याकडे त्याच कंपनीचा मिररलेस असेल तर यातून अगदी व्यवहारी गोष्ट निघते. डीएसएलआरच्या माउंटची लेन्स दोघांनाही वापरता येते, मिररलेसची फक्त एकालाच. म्हणजे जुनी म्हणून जी लेन्स आधी विकायला निघाला आहात तीच खरं तर तुमची सामाईक लेन्स आहे. डीएसएलआरवाला जोडीदार मिररलेसवर जाईपर्यंत तिला हात लावू नका. नव्या, खास मिररलेससाठीच्या लेन्स तोवर वैयक्तिक समजा.

अडॅप्टरनं काय चालतं हेही नेमकं माहीत असू द्या. कॅननच्या ईएफ लेन्स कॅननच्याच अडॅप्टरनं आरएफ बॉडीवर फोकस, ॲपर्चर, स्टॅबिलायझेशन या सगळ्यासकट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही. त्यामुळे ज्यांच्यात स्वतःची मोटर आहे त्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकस करतात, पण जुन्या एएफ-डी लेन्स झेड बॉडीवर हातानं फोकस कराव्या लागतात. हाच घोळ निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या डीएसएलआरवरही होतो, कारण त्या बॉडीत फोकसची मोटर नाही. एकाची बॉडी मोटरवाली आणि दुसऱ्याची बिनमोटरची असेल तर 'आपली सामाईक ८५ मिमी' दुसऱ्याच्या हातात मॅन्युअल होऊन जाते. यादीत मोटरचा रकाना त्यासाठीच ठेवला.

वेगळ्या कंपन्यांमधले अडॅप्टरही मिळतात. कॅननची ईएफ लेन्स सोनीवर लावून चालवणारे पुष्कळ आहेत. स्थिर विषयाला ठीक. धावणारं मूल किंवा उडणारा पक्षी पकडायचा असेल तर मी त्यावर विसंबणार नाही. अडॅप्टर घेतलाच तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसाच्या बॉडीवर तो कायमचा बसलेला असू द्या. तोही एक सामाईक वस्तू झाला की घरी विसरण्याच्या यादीत त्याचा पहिला नंबर लागतो.

आता मोठा निर्णय: दोन माउंट ठेवायचे की एक? माझं मत स्पष्ट आहे. दोघं बहुतेक वेळा बरोबर बाहेर पडत असाल तर एक माउंट करा, मग कुणाला तरी ब्रँड सोडावा लागला तरी चालेल. लेन्सबरोबर बॅटऱ्या, चार्जर आणि फ्लॅशही एक होतात. फ्लॅश ज्या खाचेत बसतो (हॉट शू) तीसुद्धा कंपनीनुसार वेगळी भाषा बोलते. दोघं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळं काम करत असाल तर दोन माउंट राहू द्यायला हरकत नाही. पण मग लेन्स सामाईक करण्याचा आटापिटा सोडा आणि ट्रायपॉड, फिल्टर, लाइट आणि कार्डं तेवढी वाटून घ्या. खाली जे लिहिलंय ते अशा जोडप्यानं प्रत्येकाच्या बॅगेला स्वतंत्रपणे लावावं.

माउंट बदलायचा तर कुणी बदलायचा? लेन्स कुणाकडे जास्त आहेत यावर हे ठरवतात, आणि तिथंच फसगत होते. ज्याचा हात कॅमेऱ्यावर आंधळेपणानं चालतो, ज्याला बटणं न बघता सापडतात, त्याला बदलायला लावणं जास्त महागात पडतं. कॅनन आणि निकॉनच्या लेन्स लावताना फिरवायची दिशासुद्धा एकमेकांच्या उलट असते. घाईत असल्या सवयी आड येतात. बदलणाऱ्यानं आधी जोडीदाराचा कॅमेरा काही आठवडे एकट्यानं वापरून बघावा, स्वतःची बॉडी मगच विकायला काढावी.

सेन्सरच्या आकाराचं थोडं. एकाकडे फुल फ्रेम आणि दुसऱ्याकडे क्रॉप सेन्सर असेल तर तीच लेन्स दोघांना वेगळी दिसते. निकॉन, सोनी आणि फुजीच्या क्रॉप सेन्सरवर फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा; तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) दीडनं गुणायची, कॅननच्या क्रॉपवर १.६ नं. पस्तीस मिमी एकाला पस्तीसच, दुसऱ्याला ५२ च्या आसपास. पन्नास मिमी क्रॉपवाल्याच्या हाती ७५ ते ८० ची पोर्ट्रेट लेन्स होते. हे गैरसोयीचं वाटतं, पण याच्यामुळे एकाच लेन्सला दोन कामं मिळतात, त्यामुळे फुल फ्रेमच्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स ठेवण्याकडे झुकतं माप द्या. उलट क्रॉपसाठीच बनवलेल्या लेन्स फुल फ्रेमवर पूर्ण चित्र भरत नाहीत. बॉडी स्वतःच कडा कापते आणि २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम दहा हाती उरतात. कॅननच्या ईएफ-एस लेन्स तर फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. अडॅप्टरनं आरएफ बॉडीवर मात्र बसतात.

३. काढलेले फोटो काय सांगतात

'मला वाइड (रुंद दृश्य घेणारी लेन्स) फार लागते' असं आपण म्हणतो खरं, पण काढलेले फोटो दुसरंच काही सांगतात. प्रत्येक फाइलमध्ये लेन्सचं नाव, फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर नोंदलेलं असतं. लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररीच्या वरच्या फिल्टर पट्टीत मेटाडेटा निवडा. एका रकान्यात लेन्स, दुसऱ्यात फोकल लेंग्थ लावली की आकडे लगेच समोर येतात. एक्झिफटूल किंवा डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरनंही हे करता येतं. ज्या जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये इलेक्ट्रॉनिक जोडणीच नाही त्यांची नोंद होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

दोघांचे फोटो वेगळे करा. एकच बॉडी आलटून पालटून वापरली असेल तर अंदाजानं भागवा, आणि पुढच्यासाठी प्रत्येकानं कॅमेऱ्यातल्या लेखकाच्या रकान्यात आपलं नाव टाकायची सवय लावा. मोजताना सगळे फोटो मोजू नका. पक्ष्यांच्या एका सकाळी हजार क्लिक होतात आणि टेलीचा आकडा उगाच फुगतो. ज्यांना सॉफ्टवेअरमध्ये पसंतीचे तारे दिलेत, जे छापले, जे कुणाला पाठवले, तेवढेच मोजा. क्रॉप आणि फुल फ्रेम मिसळलं असेल तर सगळं ३५ मिमी समतुल्य (फुल फ्रेमच्या हिशोबातल्या) आकड्यात आणा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये तो रकाना तयारच असतो.

आकडे वाचताना थोडं डोकं लागतं. २४-७० झूमवरचे फोटो २४ वर आणि ७० वर गोळा झालेले दिसले, मध्ये काहीच नसलं, तर तो माणूस त्या झूमवर खूश नाही; त्याला आणखी वाइड किंवा आणखी लांब हवंय आणि लेन्सची कडा त्याला अडवतेय. बहुतेक फोटो ३५ च्या आसपास असतील तर त्याला ती झूम नकोच आहे, एक पस्तीस पुरे. बहुतेक फोटो एफ/५.६ आणि एफ/८ वर असतील तर एफ/१.४ च्या लेन्सचा बडेजाव कशासाठी, हे एकदा विचारून बघा.

आणि आकडे खोटं कुठं बोलतात तेही बघा. मॅक्रोचे फोटो वर्षभरात मोजकेच असतील, पण त्या मोजक्यांना दुसरी लेन्स पर्याय नसते. कमी वापर एवढ्या एका कारणावर मॅक्रो किंवा लांब टेली बाद करू नका. तशीच किट झूमचा आकडा मोठा आला म्हणून ती लाडकी ठरत नाही. बऱ्याचदा ती कॅमेऱ्यावर लागलेली असते एवढंच.

४. दोघांनी वेगवेगळे कागद घ्या

आता तो महत्त्वाचा प्रश्न. एकमेकांना न दाखवता दोघांनी एकेक कागद भरायचा. वरती तुमचे प्रसंग लिहा: दोघं मिळून सहल, एखादा घरगुती समारंभ, एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं नुसतं बरोबर असायचं असे दिवस, घरातले रोजचे फोटो, एकट्यानं बाहेर पडणं. प्रत्येक प्रसंगापुढे पहिली पसंतीची लेन्स आणि ती दुसऱ्यानं घेतली असेल तर चालेल अशी दुसरी. कागद लपवायला सांगतोय ते गंमत म्हणून नाही. समोरासमोर विचारलं की प्रत्येक जण जोडीदाराला काय आवडेल ते लिहितो, आणि दोघांनाही नको असलेली एक जड झूम दोघांच्या सौजन्यावर वर्षानुवर्षं बॅगेत राहते. 'त्याला लागेल म्हणून ठेवली', 'तिला लागेल म्हणून ठेवली'. अशी लेन्स बहुतेक प्रत्येक जोडप्याकडे निघते, आणि ती सगळ्यात आधी विकावी.

कागद शेजारी ठेवले की काही गोष्टी आपोआप सुटतात. एखादी लेन्स फक्त एकाच कागदावर असेल तर ती त्या माणसाची, विषय संपला. दोन्ही कागदांवर आहे पण वेगवेगळ्या प्रसंगांत, तर एक पुरते. मॅक्रो आणि अल्ट्रावाइड बऱ्याचदा या गटात येतात. कुठल्याच कागदावर नाही, ती बाजूला काढा. खरं काम उरतं ते एकाच प्रसंगात दोघांची पहिली पसंती एकच असते तिथं. तिथं तीन वाटा आहेत: दोन लेन्स ठेवा, एकाच्या दुसऱ्या पसंतीची लेन्स खरोखर चांगली करा, किंवा कामं वाटून घ्या.

कामं वाटून घेण्याची वाट मला सगळ्यात आवडते, पण ती सगळ्यांना जमत नाही. समजा ती पक्षी टिपते आणि तो माणसं. मग टेलीवरून भांडण होतच नाही. दोघंही माणसंच टिपत असतील तर एकानं ३५ घेऊन गर्दीत शिरायचं आणि दुसऱ्यानं ८५ घेऊन लांबून चेहरे पकडायचे. एकाच समारंभाचे दोन निराळे संच हाती येतात आणि पुढच्या वेळी अदलाबदल करता येते. दोघांनीही २४-७० लावली तर घरी आल्यावर तेच फोटो दोनदा निघतात. पण एकाला ८५ मनापासून नकोच असेल, तर त्याच्यावर ती लादू नका. त्यापेक्षा दोन पस्तीस ठेवा.

५. एकाच कामाच्या दोन लेन्स

लहान, हलक्या, स्वस्त श्रेणीतल्या प्राइम दोन असतील तर राहू द्या. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम फक्त १६० ग्रॅमची आहे. तिच्यासारखी दुसरी ठेवून बॅगेत काही अडत नाही, आणि विकून हाती फारसं पडतही नाही. मोठ्या झूमच्या बाबतीत मात्र दोनपैकी एक जायला हवी, किंवा दोघी वेगवेगळ्या वजनाच्या असायला हव्यात. ७०-२०० एफ/२.८ आणि ७०-२०० एफ/४ अशी जोडी उगाच दोनदा घेतल्यासारखी वाटते, पण कॅननच्या ईएफमध्ये स्टॅबिलायझेशनवाली पहिली जवळपास दीड किलोची आणि दुसरी पाऊण किलोची आहे. घरातल्या अंधाऱ्या कार्यक्रमाला पहिली आणि दिवसभर चालायचं असेल तेव्हा दुसरी. दोघं एकाच ठिकाणी जाणार असाल तर प्रश्न येतो. तेव्हा उजेड कुणाला जास्त लागणार आहे यावर ठरवा.

उजेडाचं गणित छोटं आहे. एफ/४ वरून एफ/२.८ ला गेलात की उजेड दुप्पट. एफ/४ वरून एफ/१.८ ला गेलात की जवळजवळ पाचपट. जिथं झूमवर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागतो तिथं प्राइमवर १३०० च्या आसपास भागतं. म्हणून दोघांत एकच एफ/२.८ झूम असेल तर दुसऱ्याच्या हातात एफ/४ झूम आणि सोबत एखादी एफ/१.८ प्राइम द्या. अंधारात ती जोडी झूमवाल्यापेक्षा एका पायरीनं पुढेच राहते.

स्टॅबिलायझेशनची लेन्स कुणाला, हे बॉडी ठरवते. कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआरमध्ये बॉडीतलं स्टॅबिलायझेशन कधीच नव्हतं, आणि त्यांच्या काही मिररलेसमध्येही ते नाही. ज्याची बॉडी स्थिर करत नाही त्याला लेन्समध्ये ते असलेली द्या, विशेषतः टेलीमध्ये. २०० मिमीला हातात धरून शटरचा सुरक्षित वेग साधारण १/२०० सेकंद. तीन स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) मदत मिळाली तर १/२५ पर्यंत उतरता येतं. विषय हलत असेल तर याचा उपयोग नाही, कारण स्थिर होतो तो कॅमेरा, पळणारं मूल पळतच राहतं.

हुबेहूब एकच मॉडेल दोनदा असेल आणि एकच ठेवायचं असेल तर पहिल्या पायरीतले भिंतीचे जपून ठेवलेले फोटो बघा. नवी कोणती, खोका कुणाचा शाबूत, हे विकताना बघायचं. ठेवायची ती चारही कोपरे सारखे असलेली.

६. प्रत्येक मिमी भरायची गरज नाही

लेन्स निवडताना १६ पासून ४०० पर्यंत सलग साखळी असावी असं वाटतं. ती कागदावरची हौस आहे. ३५ नंतर थेट ८५ असली तरी दोन पावलं पुढं-मागं झाल्यावर भागतं. फक्त वाइड टोकाला आणि लांबच्या टेलीला पावलं कामाला येत नाहीत, कारण मागं भिंत असते किंवा पुढं नदी. म्हणून टोकाच्या लेन्स विकताना दोनदा विचार करा आणि मधल्या विकताना एकदाच. २४-७० आणि २४-१०५ दोन्ही असतील तर दोघांनी मिळून एकच ठरवा असं नाही; एकेक वाटून घेतली तर त्या तुमच्या दोन मुख्य झूम होतात. एकाच माणसाकडे त्या दोन्ही असतील तर त्यातली एक जाऊ द्या.

पक्ष्यांसाठी लांबी कमी पडत असेल तर टेलिकन्व्हर्टरचा (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून फोकल लेंग्थ वाढवणाऱ्या भागाचा) विचार होतो. १.४ पट एक स्टॉप उजेड खातो आणि दोन पट दोन स्टॉप, शिवाय तो ठरावीक लेन्सवरच बसतो. सामाईक टेली एकच असेल तर तो चांगला सोबती. मॅक्रो दोघांना एकदमच हवी असं झालंच, तर दुसऱ्यासाठी एक्स्टेन्शन ट्यूब पुरते: आत काच नसते, लेन्स पुढं सरकते आणि जवळून फोकस होतं. तेव्हा लांबचं फोकस मात्र जातं.

७. शंका असलेल्या लेन्स

आता तीन ढीग झाले असतील: ठेवायच्या, विकायच्या आणि 'बघू'. 'बघू'चा ढीग एका डब्यात घाला, डबा चिकटपट्टीनं बंद करा आणि वर तारीख लिहा. ज्याला लेन्स हवी त्यानं पट्टी फोडायची, पण कशासाठी फोडली ते डब्यावर लिहायचं. एक पूर्ण ऋतू, एखादी सहल आणि एखादा समारंभ होऊ द्या. ज्यांच्यासाठी पट्टी फुटलीच नाही त्या विका. एखादी दुर्मीळ, क्वचित लागणारी लेन्स विकताना हात थरथरत असेल तर ती भाड्यानं मिळते का ते आधी पाहा. मिळत असेल तर वर्षातून एकदा भाडं देणं परवडतं.

भावनेचाही हिशोब मांडा, पण वेगळा. आजोबांची जुनी पन्नास, पहिल्या कमाईतून घेतलेली झूम, अशा लेन्स या यादीत तोलूच नका. प्रत्येकाला एक लेन्स बिनशर्त ठेवायचा हक्क द्या, कारण विचारायचं नाही. दुसरी तशी लेन्स निघाली की मग तिला बाकीच्यांसारखेच नियम.

८. ठरल्यानंतर

आता मालकीचा रकाना भरा. प्रत्येक लेन्सला एक सांभाळणारा हवा, सामाईक असली तरीही. साफसफाई, झाकण हरवलं तर नवं आणणं, दुरुस्तीला नेणं त्याच्याकडे. दुसऱ्यानं ती उचलताना परवानगी घ्यायची गरज नाही, फक्त सांगायचं. एकट्यानं विकायची नाही आणि त्या पैशांचं काय करायचं हे विकायच्या आधी ठरवायचं, नंतर नाही.

फिल्टरवर थोडा खर्च वाचतो. बॅगेतल्या सगळ्यात मोठ्या व्यासाचा, समजा ७७ मिमीचा, एक चांगला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा, म्हणजे मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणाऱ्या कड्या. मात्र रिंग लावली की बऱ्याच लेन्सचं हूड (तिरपा उजेड अडवणारी पुढची कडी) बसत नाही. दोघं एकत्र बाहेर पडण्याआधी दोन्ही बॉडींची घड्याळं मिनिटापर्यंत जुळवा, नाहीतर घरी आल्यावर फोटो वेळेनुसार लावताना समारंभाचा शेवट सुरुवातीच्या आधी येतो. फाइलच्या नावाची सुरुवातीची अक्षरंही वेगळी ठेवा. बऱ्याच बॉडींमध्ये ती बदलता येतात, म्हणजे एकाच नावाचे दोन फोटो एकमेकांवर पडत नाहीत.

ठेवलेल्या लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत राहिल्या तर बुरशीची चिंता कमी. ड्राय कॅबिनेट किंवा घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक, एवढं पुरतं. रंगीत सिलिका जेल ओलं झालं की रंग बदलतं. तेव्हा ते वाळवा किंवा बदला. फार कोरड्यात ठेवण्याचा अट्टहासही नको, रबर आणि वंगणाला तो मानवत नाही. आणि अधूनमधून प्रत्येक लेन्स बाहेर काढून वापरा. अंधाऱ्या, बंद बॅगेत पडून राहिलेली लेन्स बुरशीला सगळ्यात सोपी सापडते.

विकताना पहिल्या पायरीतले फोटो, सिरियल नंबर, हूड आणि दोन्ही झाकणं एकत्र ठेवा. बुरशी किंवा सरकलेली काच असेल तर खरेदीदाराला आधीच सांगा. माउंट बदलत असाल तर जुन्या माउंटच्या लेन्स आधी, बॉडी नंतर, कारण लेन्स घ्यायला येणाऱ्याला ती चालवून दाखवावी लागते. दोघांपैकी कुणीही नवी बॉडी घेतली की दुसरी पायरी आणि कागदांची चौथी पायरी पुन्हा करा. बाकीचं जसं आहे तसं राहू द्या.